मणक्यातलं पाणी काढू द्यावं का?

प्रश्न : माझे दीर ऊसतोडीला जातात, वय 38. तीन आठवडे डोकं ठणकतंय, उलट्या होतात, एकाच वस्तूच्या दोन दिसतात. गावात पित्त, सायनस म्हणून गोळ्या झाल्या. आता एचआयव्ही निघाला, सीडी-4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फक्त 42. डॉक्टर मणक्यातलं पाणी काढायचं म्हणतात, पण त्यानं पाय जातात असं सगळे सांगतात. आणि एचआयव्हीच्या गोळ्या लगेच का देत नाहीत?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : काढू द्या, उशीर नको. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली घालतात. पाय जातात हा गैरसमज आहे. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, तेवढंच. डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतील. मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची गाठ असेल तर ती त्यात दिसते.

सीडी-4 शंभराच्या खाली आणि लांबलेली डोकेदुखी म्हटलं की पहिला संशय क्रिप्टोकॉकस बुरशीचा आणि क्षयाच्या मेंदूज्वराचा. प्रतिकारशक्तीच उरलेली नसते, त्यामुळे बऱ्याचदा मान आखडत नाही, ताप किरकोळ राहतो आणि आजार पित्तावर खपून जातो. पाण्यातून निदान तर होतंच, पण मेंदूवरचा दाबही उतरतो. दाब (पाण्याच्या उंचीत मोजतात) 25 सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी रोजही काढावं लागतं. दुसऱ्या वेळी ‘आता पुन्हा कशाला?’ म्हणून नातेवाईक अडून बसतात. दाब तसाच राहिला तर दृष्टी जाते, जीवही जातो.

बुरशी निघाली तर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीनाशक औषधाचा शिरेतून एकच मोठा डोस, किलोमागे 10 मिलिग्रॅम : 50 किलोच्या माणसाला 500. जोडीला 14 दिवस फ्लुसायटोसिन आणि रोज 1200 मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल. अ‍ॅम्फोटेरिसिननं पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून आधी सलाईन आणि वरचेवर रक्ततपासणी. पुढे 8 आठवडे फ्लुकोनाझोल 800, मग रोज 200, किमान वर्षभर.

एचआयव्हीच्या गोळ्या या आजारात 4 ते 6 आठवड्यांनी सुरू करतात. घाईनं दिल्या तर जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते, सूज वाढते आणि रोगी दगावू शकतो. तेव्हा खासगीतून परस्पर सुरू करू नका. क्षय निघाला तर औषधं वेगळी, पण एचआयव्हीच्या गोळ्यांना थांबणं तिथंही आहेच.

खरी गडबड होते दिवाळीनंतर. कोयता घेऊन टोळी निघते, डोकं दुखायचं थांबलेलं असतं, फ्लुकोनाझोल घरी राहतं आणि बुरशी उलटते. एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं) आधीच सांगून जादा गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मागा. जाऊबाईंची तपासणीही आताच करून घ्या. ती मोफत होते. काही अडलं तर 1097 वर फोन करा.