फ्रीलान्स हिशेबाच्या कामाला मान्यताप्राप्त व्यवसायाचे रूप कसे द्यावे?

चार-पाच ग्राहकांची हिशेबपुस्तके एकट्याने सांभाळणाऱ्याला मान्यताप्राप्त व्यावसायिक कसे होता येईल, असा आपला प्रश्न आहे. यातील कायदेशीर भाग थोडक्यात सांगता येतो. वैधानिक लेखापरीक्षण (कायद्याने बंधनकारक असलेली हिशेबांची स्वतंत्र तपासणी) अहवालावर सही करण्याचा अधिकार बहुतेक देशांत परवानाधारकांपुरताच राखीव असल्याने, तो हवा असेल तर आपल्या देशातील अधिकृत व्यावसायिक संस्थेची परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण यांना पर्याय नाही.

माझ्या मते खरी उणीव बहुधा कामाच्या शिस्तीत असते. काम हाती घेण्यापूर्वीच लेखी करारपत्र करावे आणि त्यात कामाची व्याप्ती, मुदत व शुल्क यांबरोबरच, पुरवलेल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी ग्राहकाची असून आपण केवळ आकडे संकलित करतो, त्यांची हमी देत नाही, हेही स्पष्ट नमूद करावे. महिनाअखेरीस पुस्तकात बँकेची शिल्लक ५०,००० आणि बँकेच्या उताऱ्यात ५३,८०० दिसत असेल, तर ३,८०० चा फरक ग्राहकाने दिलेल्या पण अजून न वटलेल्या कोणत्या धनादेशामुळे पडला, हे धनादेश क्रमांकासह सांगणारे ताळमेळपत्रक फाइलमध्ये असलेच पाहिजे. ‘ते माझ्या लक्षात आहे’ या उत्तरावर व्यवसाय उभा राहत नाही (आणि लक्षातही राहत नाही, हा भाग वेगळा).

व्यवसायाचे बँक खाते वेगळे ठेवावे, व्यावसायिक दायित्वाचा विमा (आपल्या चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाईसाठीचा) घ्यावा आणि एका ग्राहकाची माहिती दुसऱ्यासमोर उदाहरणादाखलही काढू नये.