बीएएमएसनंतर एमपीएच करावं का? की कोल्हापुरातच दवाखाना टाकावा?

तुम्ही लिहिलंय की इंटर्नशिप नुकतीच संपली, सार्वजनिक आरोग्यात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करावंसं वाटतंय, पण घरचे म्हणतात, गाळा बघून ठेवलाय, पाटी लाव. मीही बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर, करवीर तालुक्यातली. एमपीएच करून आता साथरोग सर्वेक्षणात काम करते. माझं उत्तर ‘करा’ असंच आहे. फक्त पेशंट तपासायचा कंटाळा आला म्हणून करू नका.

घरच्यांची एक शंका आधी मिटवा. एमपीएचमुळे तुमची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी जात नाही, आणि औषधोपचाराचा नवा अधिकारही मिळत नाही. एमडी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्रातली एमडी) वेगळं, ते एमबीबीएसवाल्यांसाठी, नीट पीजीतून, तीन वर्षांचं. एमपीएच दोन वर्षांचं असतं आणि वर्गात डेंटिस्ट, नर्सिंगवाले, काही ठिकाणी समाजकार्य केलेलेही असतात. मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच शिकायला मिळालं.

शिकवतात काय, हे अभ्यासक्रम वाचून कळणार नाही, म्हणून एक अनुभव सांगते. नदीकाठच्या एका गावात काविळीचे रुग्ण निघाले. मी नवीन होते. घरोघरी फिरून यादी केली: नाव, वय, डोळे पिवळे कधी झाले ती तारीख. गल्ली लिहिलीच नाही. संध्याकाळी सरांनी यादी बघून एवढंच विचारलं, "ही माणसं राहतात कुठं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सगळी दारं वाजवली.

गल्ल्या लिहिल्यावर मोठ्या गल्लीत १८ रुग्ण आणि पाइपलाइनच्या शेवटच्या गल्लीत ११ दिसले. सगळे म्हणाले, मोठ्या गल्लीतच घोळ आहे. पण मोठ्या गल्लीत राहतात ६०० माणसं, शेवटच्या गल्लीत जेमतेम ९०. म्हणजे तिकडे शंभरात ३ आणि इकडे शंभरात १२. बायोस्टॅटला, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राला, घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देते. आकड्याखाली लोकसंख्या लिहिली की गाव वेगळं दिसायला लागतं.

आता पाणी. ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी) केली तर क्लोरीन व्यवस्थित, टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, रजिस्टरही भरलेलं. पण ‘ई’ प्रकारची कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर सरासरी पाच-सहा आठवड्यांनी दिसते. आज डोळे पिवळे दिसतात ते दीड महिन्यापूर्वीच्या पाण्यामुळे, त्यामुळे आजची टेस्ट चांगली आली तरी त्यावर थांबून चालत नाही. शेवटच्या गल्लीतल्या एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, "म्हाईच्या आधी पाण्याला वास मारत हुता की." म्हाईची, म्हणजे गावच्या जत्रेची, तारीख काढली, दिवस जुळले. गटारातून गेलेली पाइप तिथंच गळत होती. याच गल्लीत दोन गरोदर बायका होत्या. या काविळीत शेवटच्या तिमाहीत जिवाला मोठा धोका असतो, म्हणून दोघींना वेळेत थोरल्या दवाखान्यात पाठवलं. दोघी सुखरूप घरी आल्या. त्या दिवशी मला माझं काम काय आहे ते कळलं.

हे कोल्हापुरात हवंच आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. पण पाणी उतरल्यावर लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप), गॅस्ट्रो आणि डेंग्यूचं काम सुरू होतं, तेव्हा कॅमेरे गेलेले असतात. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिलाय. इचलकरंजीतली २०१२ ची काविळीची साथही घरच्यांना आठवत असेल.

कुठं करायचं? तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), पुणे विद्यापीठ, ही नावं आधी बघा. कुठंही अर्ज करताना एकच विचारा, दोन वर्षांत प्रत्यक्ष गावात किती आठवडे पाठवता? उत्तर गोलमोल आलं तर तिथं पैसे घालू नका.

नोकरीचं खरं सांगते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी आहेत, दरवर्षी नूतनीकरणाची वाट बघावी लागते. संस्था आणि संशोधन प्रकल्पांतही मुदतीचीच कामं असतात. चालत्या दवाखान्याइतकी कमाई सुरुवातीला होणार नाही. घरावर कर्ज असेल तर हा हिशोब वडिलांसोबत बसून करा, त्यांची काळजी चुकीची नाही.

आणि गाळ्याला लगेच नाही म्हणू नका. या पावसाळ्यात महिनाभर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन जा. आशाताईंबरोबर सर्वेक्षणाला फिरा, आरोग्यसेविका साथरोग सर्वेक्षणाचा ‘एस’ फॉर्म (संशयित रुग्णांचा) कसा भरतात ते बघा, डॉक्टरांचा ‘पी’ (लक्षणांवरून निदान केलेल्यांचा) आणि लॅबचा ‘एल’ (तपासणीत पक्क्या झालेल्यांचा) त्याच्याशी जुळतो का ते ताडून बघा. रात्री स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आरोग्य संशोधनाचा कोर्स ऐका, फुकट आहे. महिन्यानंतर पुन्हा इथंच लिहा, कोणत्या गावात गेलात आणि काय दिसलं. अर्जातलं उद्देशपत्र मी वाचून देईन.