तीर्थनला पहिल्यांदा ट्राउट गरवायला जाताना

मित्रा, एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गरवायला जातोयस, कोकणात बाबांबरोबर गरी टाकलीयेस पण फ्लाय रॉड कधी हातात घेतला नाही, तर काय विकत घेऊ आणि किती लांब फेकता आलं पाहिजे असं विचारलंयस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण सगळे तिथेच अडकतात. २०-२५ फूट, बस. तीर्थन काही प्रचंड नदी नाही, गुशैणी गावाच्या वर तर ठिकठिकाणी मोठ्या ओढ्याएवढीच वाटते, मासा तुझ्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो, त्याला न बिचकवता जवळ जाता यायला हवं.

गरीत आपण शिशाचं वजन फेकतो आणि तंगूस त्याच्यामागे जातो. इथे नेमकं उलटं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, त्याला वजन असं नसतंच, त्यामुळे फेकायची असते ती जाड लाइन आणि फ्लाय तिच्यामागून जाते. म्हणून रॉडवरचा ४, ५, ६ हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो, रॉड ५ चा तर लाइन ५ ची. तुला ९ फुटी ५ नंबरचा रॉड, वेट फॉरवर्ड फ्लोटिंग लाइन (पुढच्या भागात जड, पाण्यावर तरंगणारी), पुढे ९ फुटी निमुळता होत जाणारा ५ एक्सचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक दोरा, आणि त्याच जाडीच्या टिपेटचं, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक दोऱ्याचं, एक रीळ एवढं पुरे. एक्सचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, ५ एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर, आणि हुकाचंही तसंच, १६ नंबर १२ पेक्षा लहान. मोठ्या रीळवर पैसे घालू नकोस, तिथल्या बहुतेक माशांसाठी ते लाइन गुंडाळायच्याच कामाचं आहे, तेच पैसे चांगली लाइन आणि पोलराइज्ड गॉगल यावर घाल. पाण्यावरची चमक गेली की तळाचे दगड दिसतात, त्याशिवाय तू आंधळाच टाकत राहशील.

प्रॅक्टिस आत्तापासून कर. मैदानावर जा, फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांध, रोज १५ मिनिटं. मागे नेलेला रॉड घड्याळातल्या १ च्या जागी थांबला पाहिजे, आणि मागची लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत पुढे आणायचा नाही, खुशाल मान वळवून बघ. चाबकासारखा फट्ट आवाज आला तर घाई झाली, नदीवर त्याच झटक्यात फ्लाय तुटून जाते. गरीची सवय असलेला हात जोर लावतो, तो जोर विसर. तीर्थनच्या काठाला झाडी आहे, मागे लाइन न्यायला बऱ्याचदा जागाच नसते, म्हणून रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पुढेच गुंडाळी करून टाकणं, पण शीक, पण त्याला पाण्याची पकड लागते, तेव्हा एखाद्या तळ्यावर जा. तळ्यातली चिलापी छोट्या निम्फला (पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लायला) येते, हुक बसवायचा हात तिच्यावरच तयार होईल. ट्राउट मात्र आपल्याकडे मिळणार नाही, पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होतो. हिमालयातही तो मूळचा नाही, कुल्लूच्या खोऱ्यात १९०९ साली इंग्रजांच्या काळात आणून सोडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या पहिल्या ट्रिपला ३ दिवस एक मासा नाही लागला, चौथ्या दिवशी काठावर बसलेले एक आजोबा बराच वेळ बघून म्हणाले, "मक्खी भाग रही है." तेवढ्यात सगळं कळलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला संथ पाण्यात उभा असतो आणि बाजूच्या वेगवान पाण्यातून वाहत येणारं उचलतो, खरा किडा पाण्याच्याच वेगाने येतो, पण तुझी लाइन मधल्या जोरदार धारेत पडली की तिला पोट येतं आणि ती फ्लायला ओढते, मासा लगेच ओळखतो. म्हणून खालून वरच्या दिशेने सरक, मासा पाठमोरा राहतो, लाइन त्या धारेवर कमीत कमी पडू दे, रॉड उंच धर, आणि पोट आलंच तर ते टोकाने अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाक. यालाच मेंडिंग म्हणतात. मला विचारशील तर लांब कास्टपेक्षा यावर दुप्पट वेळ घालव.

फ्लाय फार नकोत. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखाली असतं, तेव्हा फेजंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ १४-१६ नंबरात, वर तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. सगळ्या हुकांच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाक. मासा धरण्याआधी हात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निसटेपर्यंत धरून ठेव.

हिमाचलच्या मत्स्य विभागाचं लायसन्स लागतं, ते निघण्याआधीच बघ. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, एप्रिल चालतो. मात्र तेव्हा वर बर्फ वितळायला लागलेलं असतं, दुपारनंतर पाणी चढतं आणि गढूळतं, गोल दगड भयंकर निसरडे, म्हणून काठी हवीच आणि गुडघ्याच्या वर पाण्यात एकटा उतरू नकोस. पहिल्या सकाळी तर पाण्यात पाय घालूच नको, काठापासून २-३ फुटांवरच्या दगडांमागे आधी टाक, नवखे लोक नेमके तिथले मासे तुडवत पुढे जातात.