मुदत ठेव मोडून घरी काच फुंकायची का?

प्रश्न: काचनळी ज्योतीवर तापवून नाताळच्या झाडाचे गोळे फुंकायचा चार दिवसांचा वर्ग मी नुकताच केला. आता घरातल्या रिकाम्या खोलीत टॉर्च (काच वितळवणारा गॅस-ऑक्सिजनचा बर्नर) बसवायचा विचार आहे. टॉर्च, ऑक्सिजन सिलिंडर, काचनळ्या, चांदी चढवायची रसायनं आणि रंग अशी यादी केली. ती साधारण तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी होते. माझ्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी मुदत ठेव आहे. ती मोडू, की तिच्यावर कर्ज काढू? आठवड्याला आठ तास देता येतील. एका गोळ्याची किंमत महिन्याच्या घरखर्चाच्या दोन टक्के धरली आहे. एक दुकानदार "दीडशे नग घेईन" असं तोंडी म्हणाला आहे. येत्या नाताळात पैसे वसूल होतील का?

उत्तर: ठेव मोडू नका आणि तिच्यावर कर्जही काढू नका. टॉर्च जरूर घ्या, पण अजून तीन-चार महिने थांबून. कारण तुमच्या हिशेबात सामानाची किंमत आहे, पण दर तासाला हातातून किती विकण्यालायक गोळे उतरतात हा आकडाच नाही. या धंद्यात सगळं त्यावर अडतं.

आधी यादी. सिलिंडर तुम्ही एकदाचा खर्च म्हणून लिहिला आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. बोरोसिलिकेट (थोडक्यात बोरो, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या) काचेवर काम करणारा लहान टॉर्च मिनिटाला दहा लिटर ओढतो असं धरा. म्हणजे ७०० मिनिटं, बारा तासांच्या आतच खेळ संपला. आठवड्याच्या आठ तासांपैकी साडेपाच तास ज्योत पेटती असेल, तर दोन आठवड्यांत सिलिंडर रिकामा. नाताळपर्यंत असे वीसेक लागतील. हा भाजीपाल्यासारखा चालू खर्च आहे. म्हणून घरी काम करणारे बहुतेक जण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरकडे, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राकडे, वळतात. मिनिटाला पाच लिटर देणारं एक यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज खातं आणि अशी दोन जोडावी लागतात. जुनं यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्यावरचा तासांचा मीटर बघा आणि शुद्धता मोजून घ्या. चांगलं यंत्र नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं. आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या खड्यांना) ओल लागली की शुद्धता घसरते, ज्योत मऊ पडते आणि त्याच गोळ्याला दुप्पट वेळ लागतो. टॉर्च वर्षानुवर्षं टिकतो आणि विकला तर बरी किंमत येते, कॉन्सन्ट्रेटरचं तसं नाही. दोन्हींवर सारखाच पैसा घालताना हे लक्षात असू द्या.

यादीत जे अजिबात नाही ते सांगतो. पहिलं म्हणजे हवा खेचणारा एक्झॉस्ट. या ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. ते दिसत नाहीत आणि उघड्या खिडकीने भागत नाही. टेबलावर हूड, त्यातून बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट, असं तिन्ही लागतं. आत येणारी वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो, खेचत काही नाही. दुसरं म्हणजे गॅस आणि ऑक्सिजन या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, त्यामुळे तुमची रिकामी खोली तळघरात असेल तर तिचा विचार सोडून द्या. मग न जळणारा टेबलाचा पृष्ठभाग, अग्निशामक, सोडियमची पिवळी ज्योत गाळणारा डायडिमियमचा चष्मा (बोरोसाठी त्यावर आणखी गडद काच), आणि पाठवणीची खोकी. शिवाय घराच्या विमा कंपनीला लेखी विचारा. घरात व्यवसाय चालतो हे न कळवता आग लागली, तर दावा नाकारायला ते कारण पुरू शकतं. हे सगळं धरलं की तुमचे तीन महिने साडेचार होतील. पुढचा हिशेब याच आकड्यावर करतो. नेमके भाव काढून तो स्वतः दुरुस्त करा.

काचेचं मात्र फार मनावर घेऊ नका. ६० मिलिमीटर व्यासाच्या, ०.७ मिलिमीटर जाड भिंतीच्या गोळ्यात जेमतेम अठरा ग्रॅम काच असते. २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर जाडीच्या नळीचे सात सेंटिमीटर पुरतात. दोन्ही बाजूंना धरायला ओढून काढलेल्या दांड्या धरल्या तरी पंधरा सेंटिमीटरमध्ये काम होतं, म्हणजे दीड मीटरच्या नळीत दहा गोळे. तीच भिंत ठेवून ८० मिलिमीटरचा गोळा केलात तर काच पावणेदोन पटींहून थोडी जास्त लागते, पण खरा फरक हाताला पडतो. एवढा मोठा भाग एकसारखा तापवून फिरवत ठेवणं नवशिक्याला जमत नाही. मोठ्या गोळ्याची किंमत काचेवरून नाही, फुटण्याच्या प्रमाणावरून ठरवा.

आता वेळ. चार दिवसांच्या वर्गानंतर एका गोळ्याला ज्योतीवर वीस मिनिटं लागतील आणि दहातले सहा विकण्यालायक निघतील, असं धरतो. हे मी तुम्हाला झुकतं माप देऊन म्हणतोय. बाकीचे चार कशाने जातात? बहुतेक वेळा डावा आणि उजवा हात सारख्या गतीने फिरत नाहीत, नळीची एक बाजू जास्त तापते, पातळ होते आणि फुंकताच तिथे फोड येतो. उपाय साधा, पण अंगात मुरायला वेळ लागतो. नळी ज्योतीबाहेर काढायची, फिरवत राहून एक-दोन सेकंद थांबायचं आणि मग थोडं थोडं फुंकायचं. पातळ जागा आधी निवते आणि ताठ होते, म्हणून जाड जागेला ताणायला वाव मिळतो. घाईत लगेच फुंकलं की उलट घडतं. गोळा गोल दिसतो, पण बोटाने टिचकी मारली की एक बाजू चुरगळते.

चांदीच्या टप्प्यावर गेलेला गोळा सर्वांत महाग पडतो, कारण तोवर सगळी मेहनत त्यात शिरलेली असते. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोजचं पाच-दहा मिलिलिटर द्रावण आत फिरवायचं असतं. आत बोटाचा तेलकटपणा राहिला की डाग पडतात. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण दुधाळ होतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच. हे मिश्रण ठेवून देता येत नाही, साठवलं किंवा वाळलं तर त्यात चांदीची स्फोटक संयुगं तयार होतात. म्हणजे सहा गोळ्यांचं मिश्रण करून दोनच केलेत, तर बाकी चांदी मोरीत. त्यापेक्षा वीस गोळे जमवा आणि एका बैठकीत उरका. आणखी एक बारकी गोष्ट: टोपणाचं माप ठरलेलं असतं, मान मात्र प्रत्येक गोळ्याची वेगळी होते. एक मापणी टेबलावर ठेवा आणि मान कापण्याआधी लावून पाहा, नाहीतर टोपण सैल बसून परत आलेला माल तुमच्याच गळ्यात.

चांदी, रंग, टोपण, बांधणी यांना पंधरा मिनिटं. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे ज्योतीवरची तेहतीस मिनिटं (वीस भागिले ०.६) आणि ही पंधरा, म्हणजे अठ्ठेचाळीस. काच, इंधन, ऑक्सिजन, चांदी, टोपण यांना किमतीचे अठरा टक्के आणि बांधणी, पाठवणी, विक्रीशुल्क यांना बावीस टक्के धरा. थेट ग्राहकाला विकलात तर शंभरातले साठ उरतात. एका नगाची किंमत महिन्याच्या खर्चाच्या दोन टक्के, म्हणून साडेचार महिन्यांचा खर्च म्हणजे २२५ नगांची पूर्ण किंमत. पण हाती साठच टक्के येतात, म्हणून ३७५ नग विकावे लागतील. त्याला लागतात तीनशे तास. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाळीस आठवडे, तुमचे तास ३२०. म्हणजे एकही आठवडा आजारपणात न जाता, एकही सिलिंडर न अडकता आणि प्रत्येक नग थेट विकला जाऊन जेमतेम बरोबरी होते. तुमच्या हाताची मजुरी शून्य धरून, बरं का.

आता दुकानदाराला आणा. घाऊक घेणारा साधारण निम्मी किंमत देतो. शंभरचे पन्नास, त्यातून अठरा सामानाचे आणि पाचेक खोक्याचे गेले की उरतात सत्तावीस. निम्मा माल दुकानातून आणि निम्मा थेट असा विकलात तर सरासरी साडेत्रेचाळीस, आणि बरोबरीला ५१७ नग, चारशे चौदा तास. तेवढे तास तुमच्याकडे नाहीतच.

ठेवीवरचं कर्ज स्वस्त वाटतं, कारण व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडंच जास्त असतं. पण हप्ता फेब्रुवारीपासून सुरू होतो आणि उत्पन्न ऑक्टोबरच्या शेवटी. मधले आठ महिने हप्ता घरखर्चातून जाणार. हंगामी मालाला मासिक हप्ता घेणं म्हणजे कापणीआधीच सारा भरणं.

त्यापेक्षा असं करा. पहिले तीन महिने टॉर्च विकत घेऊच नका, तासांवर भाड्याने मिळणारं टेबल शोधा. हा खर्च महिन्याच्या बचतीतून भागवा. तिथे शंभर गोळे करा आणि वहीत प्रत्येकापुढे मिनिटं, निकाल आणि गेला असेल तर कारण लिहा. पहिले सत्तर शिकण्याचे. शेवटच्या तीसांपैकी एकवीस विकण्यालायक निघाले आणि सरासरी अठरा मिनिटांच्या आत आली, तरच पुढे जा. हे आकडे आजच कागदावर लिहून ठेवा, कारण तीन महिन्यांनी मन त्यांना वाकवायला बघेल. हाताने दहातले साडेआठ आणि बारा मिनिटं गाठली की नगामागचा वेळ अठ्ठेचाळीसवरून एकोणतीस मिनिटांवर येतो आणि तेच ३७५ नग १८१ तासांत होतात. तेवढ्यानेच धंदा वेगळा दिसू लागतो.

दुसरा टप्पा: टॉर्च, एक जुना कॉन्सन्ट्रेटर, एक्झॉस्ट, अरेस्टर. एका यंत्रावर ज्योत लहान राहील, म्हणून १२ ते १९ मिलिमीटरच्या नळ्यांवरचे लहान गोळे, घंटा, थेंब करा. भट्टी आत्ता नको. पातळ आणि एकसारख्या भिंतीच्या गोळ्याचा ताण ज्योतीतच हळूहळू काढता येतो. जाड लोलक, भरीव दांडा, वरून डकवलेला हूक असं काही असेल तर मात्र ५६० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत धरल्याशिवाय ते विकू नका. महिन्याभराने ग्राहकाच्या झाडावर आपोआप तडकतं. तोवर असे नग भाड्याच्या भट्टीत द्या. मऊ (कमी तापमानाला वितळणाऱ्या) काचेच्या कांड्या स्वस्त पडल्या म्हणून बोरोला जोडू नका. बोरोचा प्रसरणांक (तापल्यावर काच किती फुगते त्याचं माप) ३३ आणि मऊ काचेचा नव्वद ते एकशेचार, थंड होताना जोड तुटतोच. कांड्यांचे डबे वेगळे ठेवा, कारण एकदा मिसळल्या की नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

भट्टी पहिल्या हंगामाच्या कमाईतून घ्या. कमाई झाली नाही तर भट्टीची गरजही नव्हती.

काय बनवायचं यावर एक शब्द, कारण तो थेट पैशाशी जोडलेला आहे. जर्मनीतल्या लाउशा गावात हा धंदा घराघरात चालायचा: एकजण फुंकायचा, दुसरा चांदी चढवायचा, पोरं रंगवायची. १८६७ मध्ये तिथे गॅस आल्यावर मोठे, पातळ भिंतींचे गोळे करणं सोपं झालं. मग १९३९ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीने विजेच्या बल्बच्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली. साधा, गुळगुळीत, एकरंगी गोळा तेव्हापासून यंत्राचा आहे. त्याच्याशी भावात लढायला जाऊ नका. यंत्राला न जमणारे आकार आणि हाताने काढलेलं नाव किंवा साल यांनाच तुमची दोन टक्के किंमत मिळेल.

दुकानदाराच्या दीडशे नगांबद्दल: तोंडी शब्द हिशेबात धरू नका. तुमच्या निम्म्या किमतीत दीडशे नग म्हणजे एकशेवीस तास, तुमच्या वेळेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. त्याला साठ नगांची लेखी ऑर्डर मागा, पंचवीस टक्के आगाऊ, पोहोच ऑक्टोबरअखेर, आणि दुकानात फुटलेल्या मालाची जबाबदारी त्याची. माल ठेवून विकला तर पैसे, असा प्रस्ताव त्याने मांडला तर पंधरा नगांच्या वर जाऊ नका. जानेवारीत परत येणारा माल पुढच्या नाताळपर्यंत तुमच्या कपाटात बसतो आणि तेवढे तासही त्याच्याबरोबर.