‘आणखी संदर्भ जोडा’ म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. ‘सोशल मीडियाचे विद्यार्थ्यांवरील परिणाम’ या विषयावरचा कॉलेजचा पेपर, सतरा संदर्भ, आणि त्यावर सरांचा शेरा: ‘माहिती भरपूर आहे, तुमचं म्हणणं कुठे आहे?’ भरीस भर म्हणून कॉलेजच्या लेखन मदत कक्षाने सांगितलं की संदर्भ वाढवा आणि सारूप्याची, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी जुळण्याची, टक्केवारी खाली आणा. तुम्ही विचारताय, आता नक्की काय वाढवू? माझं उत्तर, काहीच नाही. उलट सात-आठ संदर्भ काढावे लागतील.

डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, संदर्भ लिहिण्याच्या एपीए आणि एमएलए पद्धतींत फरक काय, हे मी इथे लिहीत नाही. सतरा संदर्भ काही आभाळातून पडले नसणार, तेवढं तुम्हाला येतंच. आणखी एक आधीच सांगून ठेवते: माझा अनुभव सामाजिक शास्त्रांतला आहे. कायदा किंवा शुद्ध विज्ञान असेल तर तिथले रिवाज वेगळे. आणि माझं मत आणि तुमच्या सरांचा नियम यांत तफावत पडली तर सरांचं ऐका, गुण ते देणार आहेत.

आता त्या मदत कक्षाबद्दल. तुमचा कक्ष आणि माझा कक्ष एक नसणार, पण साचा तोच दिसतोय, म्हणून थोडं सविस्तर.

माझा विषय होता वर्गातल्या हजेरीची सक्ती. ती नसावी, असं माझं म्हणणं. त्यात सगळ्यात अडचणीचा, आणि म्हणूनच सगळ्यात कामाचा स्रोत होता २०१० सालचं क्रेडे या संशोधकाचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं विश्लेषण. आधी झालेले बरेच अभ्यास एकत्र करून त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, जे विद्यार्थी वर्गात बसतात त्यांना त्या विषयात गुणही जास्त मिळतात; सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात याचं माप, ०.४४; या क्षेत्रात चांगलाच मोठा. दोन, हजेरी सक्तीची केली की सरासरी गुणांवर होणारा परिणाम मात्र छोटा, ०.२१. (हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. पहिला सहसंबंध गुणांक आहे, दुसरा दोन गटांच्या सरासरीतला फरक, प्रमाण विचलनात, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्या मापात मोजलेला. शेजारी ठेवून ‘निम्मा झाला’ असं कुणी लिहू नका, परीक्षक हसतात.) माझा सगळा पेपर या दोन गोष्टींमधल्या अंतरावर उभा होता. स्वतःहून येऊन बसणारा विद्यार्थी आणि धरून आणून बसवलेला विद्यार्थी एक नव्हे, एवढंच मला म्हणायचं होतं.

कक्षात पेपर तपासायचा एक छापील फॉर्म होता. समास, शब्दसंख्या, संदर्भांची संख्या, सूचीची मांडणी, सारूप्याची टक्केवारी. विधान काय आहे आणि ते पुराव्यावर टिकतं का, यासाठी रकानाच नव्हता. माझी टक्केवारी जास्त निघाली, कारण सॉफ्टवेअरने संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतला मजकूरसुद्धा मोजला होता. हे दोन्ही वगळायची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असते, सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, झालं. ते कुणी केलं नाही. त्याऐवजी लाल पेनने जागोजागी ‘शब्द बदला’ लिहिलं, आणि मेहेरबानी म्हणून काही ठिकाणी स्वतःच बदलूनही दिलं. ‘हजेरी आणि गुण यांच्यात सहसंबंध आढळतो’ हे वाक्य खोडून वर लिहिलं, ‘हजेरीमुळे गुण वाढतात’.

मी तिथल्या तिथे सांगितलं की याने अर्थ बदलतो, दोन गोष्टी सोबत दिसणं म्हणजे एकीमुळे दुसरी होणं नव्हे. उत्तर आलं, ‘अर्थ तोच आहे, फक्त सोपं केलंय. पुढचे विद्यार्थी थांबलेत.’ कक्षाने तपासल्याचा शिक्का त्या दुरुस्त प्रतीवरच मिळणार होता, आणि शिक्का नसलेला पेपर विभाग घेत नसे.

परिणाम काय, तर सक्तीच्या विरोधातल्या पेपरमध्ये सक्तीवाल्यांचा मुख्य मुद्दा माझ्याच तोंडी बसला. हजेरीमुळेच गुण वाढत असतील तर सक्ती करायलाच हवी, नाही का? परीक्षकांनी बरोबर तिथे बोट ठेवलं. ‘स्रोतात कार्यकारणभाव कुठे आहे?’ आणि त्याखाली, ‘हे खरं असेल तर निष्कर्ष उलटा हवा.’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. श्रेणी घसरली, आणि तिच्यावर अवलंबून असलेली पुढच्या प्रकल्पाची निवडही गेली. प्रत घेऊन कक्षात गेले तर ‘आशय आमच्याकडे येत नाही, तो विभागाचा प्रश्न’. विभागात गेले तर ‘प्रत कक्षाच्या शिक्क्याची आहे, आम्ही काय करणार’. आशय नक्की कुणाकडे येतो हे मला त्या इमारतीत शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळे कक्ष असेच असतात असं अजिबात नाही. चांगली माणसं भेटतात, नंतर मलाही भेटली. पेपर हातात घेऊन पहिला प्रश्न ‘तुला काय म्हणायचंय?’ असा आला तर खुर्ची ओढून निवांत बसा. पहिला प्रश्न ‘संदर्भ किती?’ असा आला तर समास आणि सूची तपासून घ्या, आभार माना आणि निघा. आणि टक्केवारीचं एवढं भय बाळगू नका. तो आकडा फक्त मजकूर कुठे कुठे जुळतो ते सांगतो, चोरी झाली का ते नाही. तो निर्णय माणसाने अहवाल उघडून, जुळलेल्या ओळी वाचून करायचा असतो. पारिभाषिक संज्ञा जुळणारच, त्या बदलायच्या नसतात.

आता तुमचा पेपर. ‘सोशल मीडियाचे परिणाम’ हे विषयाचं नाव झालं, विधान नव्हे. ‘सोशल मीडियाचे विद्यार्थ्यांवर चांगले-वाईट परिणाम होतात’ याला ‘मला हे मान्य नाही’ म्हणणारा माणूस शोधून दाखवा. नाही मिळणार. ज्याला विरोधकच नाही, त्या वाक्यासाठी सतरा साक्षीदार उभे केलेत तुम्ही, मग सर विचारणारच की खटला कसला आहे. तुम्ही जे पान टाकलंय त्यात सहापैकी पाच परिच्छेद ‘अमुक यांच्या मते’ने सुरू होतात. सगळे बोलतायत, तुम्ही फक्त माईक फिरवताय.

त्यातून बाहेर पडायचा मला माहीत असलेला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे कुणीतरी घेतलेला एखादा खरा निर्णय शोधणं. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून सोशल मीडियावर खातं उघडायचं किमान वय १६ केलं. झालं, भांडण तयार आहे. ‘वयाची बंदी घालण्यापेक्षा अ‍ॅपच्या रचनेवर बंधनं घालणं जास्त परिणामकारक ठरेल’ असं लिहून बघा. वर्गातले निम्मे लोक लगेच हात वर करतील. उलट बाजूही तितकीच लिहिण्याजोगी आहे. कुठलीही घ्या, पण घ्या.

बाजू ठरली की स्रोत आपोआप दोन गटांत पडतात, आणि काही कुठल्याच गटात जात नाहीत. ते काढायचे. कितीही कष्टाने मिळवलेले असले तरी. उरलेल्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं. तुमच्याच यादीत ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांचा २०१९ चा लेख आहे. साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या माहितीवरून ते म्हणतात की मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्याचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. पण २०२० मध्ये त्याच नियतकालिकात ट्वेंगी, हाइट हे मानसशास्त्रज्ञ आणि इतरांनी त्यावर हरकत घेतली की अशा हिशेबाने हानी कमी दिसते, वेगवेगळ्या प्रकारचा स्क्रीनसमोरचा वेळ एकत्र मोजला की सोशल मीडियाचा, विशेषतः मुलींवरचा परिणाम झाकला जातो. हे दोन लेख समोरासमोर बसवा आणि कुणाचं जास्त पटतं, का पटतं, ते तुमच्या वाक्यांत लिहा. दोन पानं सहज होतील, आणि ती दोन पानं बाकीच्या पंधरा संदर्भांना भारी पडतील.

इथे एक जागा अशी आहे की जिथे बहुतेक पेपर घसरतात. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात दावा आणि आधार यांच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे: आधारावरून दाव्यावर जायची परवानगी देणारा नियम. मी त्याला दुवा म्हणते. समजा तुम्ही बंदीविरोधी बाजू घेतलीत. दावा: बंदी नको. आधार: ०.४ टक्के. दुवा: सरासरी परिणाम छोटा असेल तर बंदी अवाजवी ठरते. हा दुवा सहसा कुणी लिहीतच नाही, आणि तो वादग्रस्त आहे! सरासरी छोटी असूनही थोड्या मुलांचं मोठं नुकसान होत असू शकतं. मग कायदा सरासरीसाठी करायचा की त्या थोड्यांसाठी? सर ‘तुमचं म्हणणं’ शोधतायत ते इथे. तुमचं स्वतःचं डोकं लागतं अशी पेपरमधली ही जवळजवळ एकमेव जागा, बाकी सगळं उसनं असतं.

विरोधी बाजूबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी मांडायची रीत आहे, आणि चांगला पूर्वपक्ष असा की प्रतिपक्षालाही वाटावं, हे आपण याहून नीट म्हटलं नसतं. विद्यार्थ्यांच्या पेपरमध्ये तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येतो, ‘काही लोकांचे मत वेगळे आहे, परंतु ते योग्य नाही’ या थाटात. हे नसलेलं बरं. पूर्वपक्ष मधोमध आणा, त्याला त्याचा सगळ्यात मजबूत आकडा द्या, आणि त्यातलं जे तुम्हाला खोडता येत नाही ते सरळ मान्य करून दावा तेवढा लहान करा. ‘बंदी निरुपयोगी आहे’चं ‘१३ ते १५ वयोगटासाठी फक्त बंदी पुरेशी नाही’ झालं तरी काही बिघडत नाही. लहान दावा टिकतो. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे मात्र पेपरमधून शोधून शोधून काढा.

तुम्ही विचारलंय की युक्तिवादात्मक आणि मन वळवणारा पेपर यांत फरक काय. शिक्षकागणिक उत्तर बदलतं, म्हणून कशाला किती गुण ते सांगणारा सरांचा तक्ता पहा. माझ्यापुरतं: पहिल्यात वाचकाला फक्त पटवायचं असतं, दुसऱ्यात त्याने उठून काहीतरी करायला हवं असतं. त्यामुळे दुसऱ्यात वाचक कोण हे ठरवल्याशिवाय एक ओळ लिहू नये. प्राचार्यांना पटणारं कारण आणि पालकांना पटणारं कारण एकच नसतं. ॲरिस्टॉटलने भावनेला आवाहन करणं हे मन वळवण्याचं एक रीतसर साधन मानलंय, तेव्हा त्याची लाज नको. फक्त पुरावा जिथे संपतो तिथे भावना चिकटवू नका, ते लगेच दिसतं.

जाता जाता दोन-तीन गोष्टी, विषय सोडून आहेत पण सांगते. एआयकडून संदर्भ मागवू नका. भाषा सुधारायला वापरायचं की नाही ते तुमच्या कॉलेजच्या नियमांवर सोडा, पण संदर्भ नकोच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड बसला. वकिलांची ही गत. दुसरं, झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत नसाल तर आजच सुरू करा, फुकट आहे. सूची तर बनतेच, शिवाय एखादा लेख नियतकालिकाने मागे घेतला असेल तर तसा इशाराही दाखवतं. तिसरं, दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला आकडा मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय वापरू नका. सारांशसुद्धा पुरत नाही, आकडा कशाचा आहे हे बऱ्याचदा तक्त्याखालच्या बारीक अक्षरात असतं.

सरांकडे परत जाताना अख्खा पेपर नेऊ नका. एका पानावर विधान, त्यावरची सगळ्यात जड हरकत आणि तुमचा दुवा, एवढंच लिहून दहा मिनिटं मागा. पेपर वाचायला वेळ नसलेले शिक्षकही एका पानाला नाही म्हणत नाहीत, निदान माझ्या वाट्याला तरी तसे आले नाहीत. त्याआधी विधान इथे टाकलंत तर मी हरकती काढून देते. बंदीच्या बाजूने लिहायचं ठरवलंत तरी चालेल, त्या बाजूने बोलण्यासारखंही बरंच आहे.