रोम गाठण्याआधीची आवराआवर

तुमची बस स्वित्झर्लंडहून फ्लॉरेन्स आणि मग रोमला जाणार, म्हणजे खरी धावपळ शेवटीच. स्विस घड्याळ घेतलं असेल तर हे आधी वाचा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या कर-परताव्याच्या (पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो, त्याच्या) फॉर्मवर शिक्का स्विस सीमेवरच घ्यायचा असतो. रोमच्या विमानतळावर तो मिळत नाही. टूर मॅनेजरना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी सगळे बसमध्ये बसल्यावर नको. इटलीतल्या खरेदीच्या शिक्क्याचं काम मात्र रोमलाच होतं, बिल ७० युरोंच्या वर असेल तर. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून ती मोठ्या बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

फ्रँकची नाणी सीमेआधीच कॉफीत संपवा. परत आल्यावर मनी चेंजर नोटा घेतात, नाणी नाही.

बस मध्येच पाऊण तास थांबली तर ड्रायव्हरवर चिडू नका. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती हा तिथला कायदा आहे आणि गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रावर सगळं नोंदलं जातं. आपले काही काका तरी हुज्जत घालतातच!

व्हॅटिकनच्या दिवशी खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे वरच ठेवा. चिवड्याच्या रिकाम्या जागेत चॉकलेटं जातात खरी, पण ती चिवड्यापेक्षा जड. हॉटेलवरच बॅग वजन करून घ्या.