शंभर सैनिक, पाच चौक्या: संगणकाला खेळवायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बनवलेल्या संगणक-खेळात दोघांकडे 100-100 सैनिक, 5 चौक्या, दोन्ही वाटण्या एकदम उघड होतात. प्रत्येक चौकीवर ज्याचे सैनिक जास्त त्याला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. ‘कठीण’ पातळीवरचा संगणक चार-सहा डावांत ओळखू येतो, म्हणून तुम्हाला त्याच्यासाठी सगळ्यात भारी वाटणी हवी आहे.

तशी वाटणी नाहीच. 20-20-20-20-20 ला 34-33-33-0-0 ही 3-2 ने हरवते. हिला 35-34-1-15-15 ही 4-1 ने लोळवते. आणि ही तिसरी? पहिलीकडूनच 3-2 ने मार खाते. दगड-कागद-कात्रीचाच प्रकार, फक्त इथे पर्याय 45,98,126 आहेत. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेलने 1921 मध्ये अशा खेळांचा विचार मांडला, पुढे ‘कर्नल ब्लोटो’ हे नाव रूढ झालं. उत्तर तेव्हापासून एकच: एक वाटणी नको, वाटण्यांचं मिश्रण हवं, म्हणजे दर डावाला चिठ्ठी काढल्यासारखी निवडलेली वाटणी.

‘मग रँडम टाकतो की’ असं म्हणाल, आणि तुमच्या कोडमध्ये तेच आहे. पण कसं? पहिल्या चौकीला 0 ते 100 मधला आकडा, दुसरीला उरलेल्यातून, असं पुढे. त्यामुळे पहिलीला सरासरी 50, दुसरीला 25, तिसरीला साडेबारा, आणि शेवटच्या दोघींच्या वाट्याला सव्वासहा-सव्वासहा. खेळणारा पहिली चौकी सोडून देतो आणि बाकीच्या आरामात घेतो. त्याऐवजी ओळीतल्या 104 जागांपैकी कुठल्याही 4 जागी दुभाजक ठेवून त्यांच्या आधीच्या, मधल्या आणि नंतरच्या जागा मोजल्या (हेच पाच चौक्यांचे आकडे) की सगळ्या वाटण्यांना समान संधी मिळते. तरीही एवढ्याने भागत नाही. मुकाट्याने 20-20 वाटणारा भिडूसुद्धा या संगणकाच्या साधारण 58 टक्के चौक्या घेतो, कारण अशा वाटण्यांत एखाद्या चौकीवर झुंबड आणि बाकीच्यांवर किरकोळ पहारा असं फार वेळा होतं.

हवं ते असं: प्रत्येक चौकीवर 0 ते 40 मधला कोणताही आकडा सारख्याच शक्यतेने यावा, आणि बेरीज मात्र 100 च. ऐकायला अवघड, करायला सोपं. 0 ते 40 मधून x काढा. दोन चौक्यांना x आणि 40−x. मग तशाच रीतीने स्वतंत्रपणे y काढा, ती तिसरी चौकी. y सम असेल तर उरलेल्या दोघींना 20−y/2 आणि 40−y/2. विषम असेल तर y मधून 1 वजा करून निम्मं करा, त्याला k म्हणा, आणि 40−k व 19−k द्या. उदाहरणार्थ y=7 आला तर 7, 37, 16, बेरीज 60. शेवटी पाचही आकडे पिसून चौक्यांवर टाका. हे विसरू नका, नाहीतर जोड्या लगेच ध्यानात येतात.

आता समोरच्याने एखाद्या चौकीवर t सैनिक ठेवले (t 40 पर्यंत), तर त्याला तिथे सरासरी (t+½)/41 गुण मिळतात. पाचांची बेरीज 102.5/41, म्हणजे नेमके अडीच. 40 च्या वर गेला तर त्याचंच नुकसान. संगणकाचा कोड उघडून दाखवलात तरी सरासरीत कोणी त्याच्यावर मात करू शकत नाही.

पण खेळ म्हणून हा भिडू रटाळ आहे. 20-20 वाल्यालाही तो अडीचच गुण देतो, कुणाच्या चुकीचा फायदा उठवत नाही. माझं मत विचाराल तर ‘कठीण’ पातळीत दहापैकी सात डाव या पद्धतीने खेळवा. उरलेल्या तीन डावांत खेळणाऱ्याच्या जुन्या वाटण्या समोर ठेवून हजारभर रँडम वाटण्या तपासा आणि त्यांच्यावर सर्वाधिक गुण मिळवणारी लावा. ‘सोपी’ पातळी हवी तर तुमचा सध्याचा कोडच ठेवा, झकास चालेल. चालू डावातली खेळणाऱ्याची वाटणी मात्र चोरून बघू देऊ नका. लोकांना ते कळतं आणि ते खेळ सोडून जातात.

गुणांऐवजी ‘तीन चौक्या जिंकल्या की डाव जिंकला’ असा नियम करणार असाल तर वरचा अडीचचा हिशोब तसाच लागू होत नाही. तिथे ‘रिग्रेट मॅचिंग’ वापरा: संगणक स्वतःशीच खेळतो, ‘ही वाटणी लावली असती तर किती जास्त मिळालं असतं’ याची नोंद ठेवतो आणि त्या प्रमाणात पुढची निवड करतो. आधी 10 सैनिक, 3 चौक्यांवर करून बघा. तिथे फक्त 66 वाटण्या आहेत, चूक झाली तर चटकन सापडेल. आणि शेवटच्या फेरीतलं मिश्रण उचलू नका, सगळ्या फेऱ्यांची सरासरी घ्या.